मनगट पडलं त्याची गोष्ट

आषाढीचा उपास सोडायचा दिवस, १८ जुलै २०२४. सकाळी सव्वासातला कपडे आत घ्यायला गच्चीवर गेले आणि उतरताना जिन्यावरून घसरले. वाईतला जुलै, पायऱ्यांवर शेवाळ, काखेत बादली. यात नवल काहीच नाही. चारच पायऱ्या होत्या. पण पडताना उजव्या हाताने कठडा धरला, हात तिथेच राहिला आणि अंग खाली फिरत गेलं. दंडातून आवाज आला तो ओलं लाकूड पिळून मोडल्यासारखा.

हाड मोडलं हे तेव्हाच कळलं. नस गेली हे कळायला दीड तास लागला, आणि पुढचे दहा महिने हाडाचे नव्हतेच, त्या नसेचे होते. त्या काळात रात्री झोप लागायची नाही. डाव्या हाताने मोबाइल चाळत पडायची आणि वाटायचं, हे होऊन गेलेल्या कुणीतरी नुसतं एवढं सांगावं की अमक्या महिन्यात हे झालं, तमक्या महिन्यात ते. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. तारखा आणि रुपये माझे आहेत, तुमचे वेगळे निघतील.

साताऱ्याच्या हॉस्पिटलात एक्स-रे झाला. दंडाचं हाड खालच्या तिसऱ्या भागात तिरकं, पिळवटून मोडलेलं. हात बांधायच्या आधी डॉक्टर म्हणाले, “मॅडम, अंगठा वर करा, असा,” आणि थम्ब्स अप करून दाखवलं. मी केला. म्हणजे केला असं मला वाटलं. अंगठा जागचा हलला नव्हता. “बरं, मनगट वर घ्या.” मनगट लोंबत होतं ते तसंच. त्यांनी हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पिन टोचली. ती कापसासारखी लागली. केसपेपरवर त्यांनी दोन शब्द लिहिले आणि खाली रेघ मारली: रिस्ट ड्रॉप, म्हणजे मनगट पडणं.

पहिली सूचना इथेच देऊन टाकते. दंडाचं हाड मोडलं असेल तर ऑपरेशनच्या आधी मनगट, बोटं आणि अंगठा वर होतोय का हे बघून तशी नोंद कागदावर झाली आहे ना, हे घरच्यांपैकी कुणीतरी पाहावं. हाड जोडायची धातूची प्लेट बसवतानाही ही नस दुखावू शकते. नंतर ‘आधी होतं की नंतर झालं’ हा प्रश्न येतो तेव्हा त्या एका ओळीचं मोल कळतं.

नसेचं नाव रेडिअल नर्व्ह. ती दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली उतरते आणि माझं हाड मोडलं तिथेच एका जाड पडद्यातून पुढे येते. तिथे तिला इकडेतिकडे सरकायला जागा नसते. दंडाचं हाड मधोमध किंवा खाली मोडलेल्या दहा जणांत साधारण एकाची ही नस जखमी होते आणि त्यातल्या बहुतेकांची आपोआप सुधारते, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या वाक्यातलं ‘बहुतेकांची’ तेवढं धरून बसले आणि ‘आपोआप’ला किती महिने लागतात ते विचारायचं विसरले.

२० जुलैला ऑपरेशन होऊन प्लेट बसली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “नस डोळ्यांनी बघितली. तुटलेली नाही. काळीनिळी पडलीय. आता वाट बघायची.”

विम्याचं आधी सांगते, कारण त्यात मी सगळ्यात जास्त चिडले. कॅशलेसची पहिली मंजुरी पटकन आली. दुसऱ्या दिवशी क्वेरी आली: अपघात कसा झाला याचं निवेदन रुग्णाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सही करून द्यावं, आणि पोलिसात नोंद नसेल तर डॉक्टरांचं तसं पत्र जोडावं. स्वतःच्या हस्ताक्षरात! मी डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखं, सात ओळींचं निवेदन लिहिलं. त्यावर पुन्हा क्वेरी: सही ओळखपत्राशी जुळत नाही. शेवटी डॉक्टरांनीच लेटरहेडवर लिहून दिलं की रुग्णाचा उजवा हात सध्या लिहू शकत नाही, तो मोडला आहे आणि त्यासाठीच रुग्ण इथे दाखल आहे. घरी जाताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असं विमा नियामकाचं परिपत्रक मे महिन्यातच निघालं होतं, पण अंमलबजावणीची मुदत ३१ जुलै होती आणि मी २३ जुलैला घरी निघाले. बसले सकाळी दहापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत.

बिल १,४२,६०० रुपये, मंजूर १,१८,९००. वरचे २३,७०० खिशातून गेले: हातमोजे, ड्रेसिंगचं सामान आणि खोलीच्या भाड्यातला फरक. प्लेट आणि स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलला लावले आहेत का ते निघण्यापूर्वी बघा. आमच्या वेळी ते राहिले होते आणि पुतण्याला पुन्हा साताऱ्याला जावं लागलं.

घरी आल्यावर खरा हात दिसला. कोपर वाकायचं. कोपर सरळही व्हायचं, कारण दंडामागच्या स्नायूला जाणाऱ्या फांद्या नसेतून वरच फुटलेल्या असतात. पण कोपराच्या खाली पाठच्या बाजूचं सगळं बंद. हात पुढे केला की मनगट सुकलेल्या झेंडूसारखं खाली. बोटं मिटता येत, उघडता येत नसत. सासूबाईंनी पहिल्या दिवशी चहाचा कप हातात दिला तो तसाच पायावर आला.

इथे मला पहिलं कोडं पडलं. मूठ मिटवणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असतात आणि त्यांची नस वेगळी असते. ती धडधाकट होती. मग कप का सुटला?

५ ऑगस्टपासून फिजिओ सुरू झाली, एका वेळचे ३५० रुपये. मॅडम वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. माझं कोडं ऐकून त्या हसल्या. “काकू, डावा हात पुढे करा. मनगट खाली पूर्ण वाकवा. आणखी. आता मूठ आवळा बरं.” आवळेना. बोटं अर्ध्यात अडकली, तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत. हे तुम्हीही आत्ता करून बघा, मोबाइल दुसऱ्या हातात धरून. मग त्यांनी माझं मनगट उचलून थोडं मागे नेलं आणि म्हणाल्या, “आता.” मूठ गच्च बसली.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलणारा स्नायू अंगात एकही नाही, हे मी दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या पातळीवर ऐकून होते. एक वाकवतो, समोरचा सरळ करतो, एक काम करत असला की दुसरा सुटीवर. अशी माझी समजूत. ती अर्धवट निघाली. बोटं मिटवणारे स्नायू कोपराजवळून निघतात, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून जातात. त्यांनी ओढलं की बोटांबरोबर मनगटही आत वाकायला बघतं. मनगट आत वाकलं की त्या दोऱ्या ढिल्या पडतात आणि जोर संपतो. म्हणून मूठ आवळताना मागचे, मनगट उचलणारे स्नायू त्याच वेळी मागे ताणून धरतात. तंबूचा खांब उभा असतो तो दोन्हीकडच्या तणाव्यांनी. एक तणावा कापला तर उरलेलाच तंबूला आडवा करतो. माझ्या हातात तेच झालं होतं. कप धरणारे स्नायू शाबूत होते, पण त्यांना मागून कुणी धरणारं नव्हतं.

मॅडमनी जोर मोजायच्या यंत्रावर उजव्या हाताची मूठ आवळायला लावली: ४ किलो. मग मनगटाला स्प्लिंट चढवली, मनगट तीसेक अंश मागे ठेवणारी. पुन्हा आवळायला लावलं: १३ किलो. स्नायू तेच, मिनिटही तेच. मेडिकलमधून आणलेली ४८० रुपयांची पट्टी, आतमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढे बोटं रबराने उघडून धरणारी, दांड्यांची स्प्लिंट ३,५०० रुपयांना करून घेतली. ती घालून बाजारात गेले की लोक रस्ता देत. खरं सांगायचं तर ती मी पंधरा दिवसांत कपाटात ठेवली. साधी पट्टी मात्र सात महिने सोडली नाही. दोन घ्या, एक धुवायला लागते.

दुसरं काम होतं, समोरच्या स्नायूंना आखडू न देणं. उघडणारे स्नायू झोपलेले, मिटवणारे जागे. तसंच सोडलं तर बोटं आणि मनगट मिटलेल्या जागीच घट्ट होतात आणि नस परत आली तरी हात उघडत नाही. म्हणून दिवसातून पाच वेळा, डाव्या हाताने उजवं मनगट आणि बोटं मागे नेऊन मोजून तीस आकडे धरायची. हा व्यायाम इतका कंटाळवाणा आहे की मी तो सासूबाईंच्या मालिकेच्या जाहिरातींना बांधून टाकला. जाहिरात लागली की आई स्वतःच म्हणायच्या, “अगं, हात.”

त्याच आईंचं मत होतं की शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडून चोळून घ्यावं. मॅडमनी मात्र निक्षून सांगितलं, ताजं मोडलेलं हाड आणि कोपराच्या आसपास जोरात मालिश नको, नको तिथे हाड वाढू शकतं. मी तेलाची बाटली देवघराच्या वर ठेवली आणि विषय संपवला.

१४ ऑगस्टला पुण्याला ईएमजी आणि एनसीव्ही, म्हणजे स्नायूतले आणि नसेतले विजेचे संदेश मोजायची तपासणी. वाई ते स्वारगेट, एसटीत बायकांना अर्धं तिकीट हा त्या दिवसातला एकमेव फायदा. तपासणीचे ३,२०० रुपये. लोक ही तपासणी घाईने पहिल्याच आठवड्यात करून घेतात. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की नस खालपर्यंत सुकायला आणि स्नायूत तिच्या खुणा उमटायला तीनेक आठवडे जातात, त्याआधीचा अहवाल दिशाभूल करतो. मग बारीक सुई कोपराखालच्या स्नायूत. “मनगट वर घ्या.” मी घेतलं, मनातल्या मनात. पडद्यावर माझ्या हुकुमाचं काही नाही. फक्त स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडावा तशी टपटप. ज्या स्नायूची नस गेली तो असा स्वतःशीच पुटपुटतो म्हणे. दंडामागच्या स्नायूत सुई टोचली तेव्हा मात्र स्पीकर गरजला, आणि मी उगाचच खूश झाले.

निदान असं: नसेचं बाहेरचं आवरण शाबूत, आतले धागे मेलेले. ते पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. डॉक्टरांनी टेप घेऊन मोडलेल्या जागेपासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत मोजलं: नऊ सेंटिमीटर. म्हणजे नव्वद दिवस, आणि सुरुवातीचा एक महिना धरून चार. आधी कोपराजवळचा स्नायू, मग मनगट, मग बोटं, सगळ्यात शेवटी अंगठा. मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या मध्यावर पेन्सिलीने गोल केला. नद्यांचे वेग शिकवणाऱ्या बाईला दिवसाला एक मिलिमीटर हा वेग पचवायला वेळ लागला.

याच आठवड्यात बँकेचं निघालं. मुदत ठेव मोडायची होती, सही येत नव्हती. काउंटरवरच्या मुलाने सरळ सांगितलं, सही जुळल्याशिवाय काही होणार नाही, हात बरा झाला की या. आत व्यवस्थापकांना भेटले तेव्हा त्यांना नियम माहीत होता: आजारी किंवा असमर्थ खातेदाराचा अंगठा चालतो, तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, काउंटरवर वाद न घालता आत जा. सोबत डॉक्टरांचं पत्र न्या. “बायकांचा उजवा घेतो आम्ही,” अधिकारी म्हणाले. उजवा म्हणजे नेमका तोच. शाईच्या पॅडवर दाबला तो नीट. दाबणारा स्नायू ठणठणीत होता. कागदावरही टेकला. पण वर उचलायचा कसा? मी हात ओढला, अंगठा कागदावर घासत गेला आणि ठशाची काळी शेपटी उमटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी अधिकाऱ्यांनी माझा अंगठा दोन बोटांत धरून, चुलीवरची पापडी उचलावी तसा अलगद वर घेतला.

शाळेची रजा परिवर्तित रजेत बसवली: अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची टाकून पूर्ण पगाराचा एक. १८ जुलै ते १७ सप्टेंबर असे बासष्ट दिवस, म्हणजे खात्यातून १२४ गेले. वैद्यकीय दाखला दर वेळी मुदत संपण्यापूर्वी द्या, आणि रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं ते विसरू नका. फिजिओच्या बिलांसाठी डॉक्टरांची तारखेसह चिठ्ठी लागते. माझ्या पॉलिसीत घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरत होते, त्यातल्या २२ वेळांचे ७,७०० रुपये नंतर मिळाले. बाकीचं सगळं आपलं.

गौरीजेवणाच्या दिवशी, ११ सप्टेंबरला, मी घर डोक्यावर घेतलं. आघाडा निवडताना बघते तो बोटांची टोकं सरळ होत होती! मुळाशी बोटं वाकलेली, पण पुढची दोन पेरं स्वच्छ सरळ. मॅडमना व्हिडिओ पाठवला. उत्तर यायला दहा मिनिटं लागली आणि त्यावरूनच मी समजले. पुढची पेरं सरळ करायचं काम तळहातातले छोटे स्नायूही करतात, त्यांच्या नसा निराळ्या. ते पहिल्या दिवसापासून चालूच होते, माझं लक्ष आत्ता गेलं. तसंच मूठ जोरात आवळून पटकन सोडली की मनगट उसळी मारून जरासं वर येतं, तेही खोटं. मनगट टेबलावर टेकवून बोटं मुळापासून वर उचलली जातात का, ही परीक्षा खरी. त्या दिवशी पुरणाला हात लावला नाही.

याच सुमारास एका दुसऱ्या क्लिनिकमध्ये विजेच्या शेकाचं तीस वेळांचं पॅकेज घेऊन बसले, १२,००० रुपये आगाऊ. आमच्या मॅडमचं म्हणणं, करंट दिल्याने नस लवकर वाढते याला भक्कम आधार नाही, हवं तर करा. अकरा वेळा गेले, कंटाळले. पैसे परत मिळाले नाहीत. पॅकेज कसलंच घेऊ नका, वेळेनुसार पैसे द्या.

१८ सप्टेंबरला शाळेत रुजू झाले. फळ्यावर डाव्या हाताने लिहिलेलं ‘सह्याद्री’ बघून नववी ब शांत झाली, ही त्या वर्गाच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी.

डॉक्टर दर महिन्याला नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत खाली यायचे. एका जागी अंगठ्याच्या बेचक्यात झिणझिण्या उठायच्या. तिथे पेनाने खूण. वाढती टोकं तिथपर्यंत आली असं समजायचं. या तपासणीला टिनेलची खूण म्हणतात. ऑगस्टअखेरीस ती खूण व्रणाच्या खालच्या टोकाशी होती, सप्टेंबरअखेरीस तीन बोटं खाली. मी आंघोळीनंतर खूण बॉलपेनने पुन्हा गडद करायची, नाहीतर पुसून जायची.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी, पुन्हा पुणे, पुन्हा ३,२०० रुपये. कोपराजवळच्या स्नायूत सुई, “अंगठा वर ठेवून कोपर वाकवा,” आणि त्या टपटपीत एक वेगळा आवाज आला. बारीक, खरखरीत, तुटक. मी जोर सोडला, आवाज गेला. जोर लावला, आला. डोळ्यांना अजून काहीच दिसत नव्हतं, पण हुकूम पोचला होता. डॉक्टर म्हणाले, “नवीन धागे आहेत हे, लहान मुलासारखे बोलतात.” त्या परतीच्या एसटीत मी खंबाटकी येईपर्यंत उगाच कोपर वाकवत होते.

त्या दिवशी ओळीत माझ्या शेजारी इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार होते. त्यांची नस परत आलीच नव्हती. वर्ष होत आलं तेव्हा टेंडन ट्रान्सफर झालं. म्हणजे तळव्याच्या बाजूचे काही स्नायू सोडवून त्यांच्या दोऱ्या पाठच्या बाजूला शिवायच्या. या जातीच्या शस्त्रक्रियांमध्ये आपल्याकडे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर केलेलं काम जगभर गाजलं. दादांनी मनगट उचलून दाखवलं. “तळहात पालथा पाडायचा असं मनात आणलं की मनगट उठायचं बघा सुरुवातीला. मेंदूला फसवायचं. आता फसवावं लागत नाही, त्यालाच सवय झाली.” मिटवणाऱ्यांच्या टोळीतला गडी फोडून उघडणाऱ्यांकडे आणायचा, आणि मिटणं मात्र फारसं कमी होत नाही. माझी भीती त्या दादांनी निम्मी केली.

नोव्हेंबरात निवडणुकीची ड्युटी आली. शिक्षकांना हे नवीन नाही. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. मी ईएमजीचा अहवाल, स्प्लिंटचा फोटो आणि दाखला घेऊन तहसील कार्यालयात ड्युटी रद्द करायला गेले. “डावा हात चालतो ना?” समोरून विचारणा. मी स्प्लिंट काढून हात टेबलावर ठेवला. त्यांनी तो लोंबता हात बघितला आणि शिक्का मारला. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबर. ओट्याच्या कडेखाली उजवी मूठ, अंगठा वरच्या बाजूला, अशी लावून वर दाबत होते, रोजच्यासारखी. आणि कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या कडेला, करंगळीएवढी एक वरंबी उठली. सोडली, गेली. दाबली, आली. कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेली, मी तिथेच उभी. आईंना बोलावलं, त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “उंदीर पळतोय गं.” कॅलेंडरवरचा गोल चुकला तो फार तर आठवड्याने.

तिथून पुढे व्यायाम उलटा झाला आणि सगळ्यात अवघड भाग लागला. मनगट उचलायला बघितलं की मिटवणारे स्नायूही एकदम अंगात आल्यासारखे आवळायचे. मनगट थरथरायचं, जागचं हलायचं नाही. चार महिने तेच राज्य करत होते. साधारणपणे एका स्नायूला हुकूम गेला की पाठीच्या कण्यातूनच समोरच्याला ढिला पडायचा निरोप जातो. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे उलगडून दाखवलं. पुढे १९३२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण नव्याने जागा झालेल्या, दुबळ्या स्नायूसाठी आपण नको इतका जोर लावतो तेव्हा दोघंही ताणतात. मॅडम म्हणायच्या, “काकू, उचलू नका. खालच्याला सोडा.” हे ऐकायला सोपं. टेबलावर पावडर शिंपडून हात करंगळीच्या बाजूवर आडवा ठेवायचा, म्हणजे वजन उचलावं लागत नाही, आणि मनगट मागे नुसतं सरकवायचं. डाव्या हाताचं बोट आतल्या बाजूच्या दोऱ्यांवर ठेवून त्या कडक होतात का बघायचं. कडक झाल्या की थांबायचं, पुन्हा. पहिल्या दिवशी दोन सेंटिमीटर सरकलं. दात विचकल्याने सरकत नाही; श्वास सोडताना सरकतं, हे मला आठवड्याने कळलं.

संक्रांतीला, १४ जानेवारीला, मनगट गुरुत्वाच्या विरुद्ध वर उचललं गेलं. बोटं नाही. तिळगूळ देताना मूठ उघडेना म्हणून मी मनगट खाली सोडलं. मनगट पडलं की बोटं आपोआप सैलावतात, ते आता मला ठाऊक होतं. लाडू समोरच्याच्या हातात गेला. फेब्रुवारीअखेर बोटं मुळापासून उठू लागली, आधी मधलं. पाडव्याला, ३० मार्चला, मूठ बिनस्प्लिंटची १७ किलो. डाव्या हाताची २४ आहे.

धुणं पिळणं एप्रिलमध्ये जमलं. भाकरी मात्र सगळ्यात उशिरा. भाकरी थापताना आपण दाबतो असं वाटतं, पण प्रत्येक थापेनंतर बोटं पिठावरून एकत्र वर उचलावी लागतात, ती रेंगाळली की पीठ बोटांबरोबर उचललं जातं आणि भाकरीला भोक. माझ्या पहिल्या सहा भाकऱ्या गाईला गेल्या. मे महिन्यातल्या तव्यावर फुगल्या, कडा जाड.

अंगठा हलला २७ एप्रिलला आणि पूर्ण वर व्हायला मे संपत आला. तर्जनी एकटी सरळ करायला अजून कष्ट पडतात. प्लेट तशीच राहणार. फिजिओ ८४ वेळा, २९,४०० रुपये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बँकेत गेले. खात्यावर ‘अंगठा’ अशी नोंद होती, ती काढून पुन्हा सही सुरू करायची होती. अर्ज लिहून नेला होता, स्वतःच्या हाताने. काउंटरवरच्या त्याच मुलाने तो वाचला, संगणकातली जुनी सही बघितली, माझी नवी सही बघितली. “मॅडम, जुळत नाहीये.” हात बदलला तशी सहीही थोडी बदलली होती. आणि सध्या खात्याला अंगठाच लागू असल्याने, मला सही करता येते या अर्जावर अंगठा उठवणं भाग होतं. अधिकारी आले, तेच. दुसरा साक्षीदार म्हणून शिपाईमामा उभे राहिले. अधिकाऱ्यांनी सवयीने माझा अंगठा धरायला दोन बोटं पुढे केली.

“राहू द्या,” मी म्हटलं. पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला, आणि उचलला. ठसा गोल आला, रेषा न रेषा वेगळी.